काळ्या पडद्यावरची पाटी

मध्यरात्र उलटून गेल्यावर आगगाडीनें गोंदियास उतरण्याचा प्रसंग आपल्यापैकीं कांहींजणांवर खचित आला असेल. डोळ्यांवर झोप असते, डब्यांतील दिवे मंद असतात, आणि गाडी थांबली आहे एवढेंच काय तें कळतें. कोठें थांबली, हें कळत नाहीं. गोंदिया हें साधें स्थानक नव्हे. हावड्याहून मुंबईकडे जाणारा हमरस्ता येथून जातो. उत्तरेस बालाघाटावरून जबलपूरकडे एक फांटा फुटतो आणि दक्षिणेस नागभीडवरून बल्लारशाकडे दुसरा. चुकीच्या गाडींत बसलेला माणूस सकाळीं भलत्याच मुलखांत जागा होतो. अशा वेळीं प्रवासी खिडकींतून वांकून पाहतो आणि फलाटाच्या टोकाची ती पिवळी पाटी शोधतो. पिवळ्या जमिनीवर काळीं ठसठशीत अक्षरें, गांवाचें नांव देवनागरींत आणि रोमन लिपींत, व खालीं समुद्रसपाटीपासूनची उंची. त्या पाटीवर वेलबुट्टी नसते, सुभाषित नसतें, स्टेशनमास्तरांचें नांवहि नसतें. तरी त्या क्षणीं तिच्याइतकी सुंदर वस्तु दुसरी कोणतीच वाटत नाहीं; कारण 'मी कोठें आहें?' या एकाच प्रश्नाचें ती निःसंदिग्ध उत्तर देते.

आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें अशाच एका पाटीविषयीं. मात्र ती फलाटावर नसते. संगणकाच्या काळ्या पडद्यावर असते.

आपल्या घरचा संगणक सुरू केला कीं त्यावर एखादें निसर्गचित्र उमटतें, घड्याळ दिसतें, आणि मधोमध आपलें नांव येऊन परवलीचा शब्द विचारला जातो. परंतु सर्वच संगणक असे नटूनथटून समोर येत नाहींत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत, छापखान्याच्या किंवा कचेरीच्या मागच्या खोलींत अहोरात्र चालणारीं जीं यंत्रें असतात, त्यांपैकीं पुष्कळांचा पडदा निव्वळ काळा असतो. चित्र नाहीं, माऊसचा बाण नाहीं. वरच्या बाजूस पांढुरक्या अक्षरांची एखादी ओळ, तिच्याखालीं 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द, त्यापुढें विसर्गासारखे दोन ठिपके आणि एक लुकलुकणारी रेघ. 'कोण आहे?' एवढेंच यंत्र विचारतें, आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसून राहतें.

हा प्रश्न विचारण्याची रीत बरीच जुनी आहे. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें एकाच संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची एक व्यवस्था करून दाखविण्यांत आली. घरांत एकच बिऱ्हाड असलें तर दारावर पाटी नसली तरी चालतें. बिऱ्हाडें वाढलीं कीं आलेला माणूस कोणाकडचा हें विचारावेंच लागतें. पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत 'युनिक्स' या कार्यप्रणालीचा आरंभ झाला. तेव्हां संगणकाशीं बोलावयाचें तें तारेवरच्या टंकयंत्रांतून, म्हणजे टेलिटाइपमधून. त्या यंत्राच्या नांवाचा 'टीटीवाय' हा संक्षेप आजहि काळ्या पडद्यावर दिसतो. टंकयंत्र गेलें, नांव मागें राहिलें. १९७८ सालीं डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा 'व्हीटी १००' हा पडदा आला. त्यावर एका ओळींत ८० अक्षरें मावत आणि अशा २४ ओळी असत. हा ८० चा आंकडाहि वडिलोपार्जितच आहे. १९२८ सालीं आयबीएम कंपनीनें जें भोंकांचें कार्ड काढलें त्यावर ८० रकाने होते. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें 'लिनक्स' लिहावयास घेतलें, आणि हा सारा वारसा त्यांत आला. तेव्हां हा काळा पडदा दिसावयास दरिद्री असला, तरी कुळानें जुना आहे.

आतां मला त्याच्या रंगरूपाची उठाठेव कां करावी लागली, तें सांगतों.

गोंदिया जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं, एका महाविद्यालयांतील संगणकांची देखभाल कांहीं वर्षें माझ्याकडे होती. कपाटासारख्या एका खोक्यांत दोन यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवलेलीं होतीं. एक विद्यार्थ्यांच्या सरावाचें. त्यावर मुलांनीं वाटेल तें करावें आणि आठवड्यास तें पुसून पुन्हां कोरें करावें. दुसरें कचेरीचें, त्यावर प्रवेशाचीं आणि फीचीं खातीं. जागा व पैसा वांचविण्यासाठीं दोघांना मिळून पडदा एकच आणि कळफलकहि एकच. बटण दाबलें कीं हें यंत्र, पुन्हां दाबलें कीं तें. दोहोंचा प्रवेशपडदा हुबेहूब सारखा होता. यंत्रांचीं नांवें होतीं, पण तीं विकत आणतेवेळीं कोणी घातलेलीं; एका लांबलचक आंकड्याच्या शेवटीं एकांत एक आणि दुसऱ्यांत दोन, एवढाच काय तो फरक.

जुलै महिन्यांतील एका संध्याकाळीं वादळ होऊन वीज गेली. ती परत आल्यावर दोन्ही यंत्रें सुरू झालीं. मीं घाईनें बटण दाबलें. तें एकदां दाबलें गेलें कीं दोनदां, हें मला आजहि सांगतां येणार नाहीं. समोर नेहमींचा काळा पडदा आला. मीं नांव घातलें, परवलीचा शब्द घातला आणि सरावाचें यंत्र पुसण्याची आज्ञा दिली. तें सरावाचें नव्हतें. आदल्या रात्रीं काढून ठेवलेली नक्कल होती म्हणून मागचें सर्व वांचलें. परंतु त्या दिवशीं भरलेल्या फीच्या नोंदी साफ गेल्या. कचेरींतील हेडक्लार्क बाईंनीं पावतीपुस्तकें पुढ्यांत घेऊन दोन रात्रीं जागून त्या पुन्हां चढविल्या. मला त्या एक शब्दहि टाकून बोलल्या नाहींत. दुसऱ्या रात्रीं काम आटोपल्यावर मात्र चहाचा पेला खालीं ठेवीत त्या म्हणाल्या, "सर, टेसनावर पाटी राहते जी. या डब्याला काहून नाहीं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पाटी होती, पण ती कोणीं, कोणासाठीं, कां लिहिली, याचा मीं कधीं विचारच केला नव्हता.

ही पाटी लिहिणें मुळींच कठीण नाहीं, हें ऐकून आपल्याला नवल वाटेल. लिनक्सच्या यंत्रांत 'ईटीसी' नांवाची एक कोठी असते. तींत यंत्राच्या घरव्यवस्थेचे सारे कागद असतात. त्यांत 'इश्यू' नांवाची एक साधी मजकुराची फाईल आहे. काळ्या पडद्यावर द्वारपाळाचें काम करणारा 'गेटी' नांवाचा एक लहानसा कार्यक्रम असतो. 'लॉगिन' हा शब्द लिहिण्यापूर्वीं तो ती फाईल उघडून तींतील मजकूर जसाच्या तसा पडद्यावर काढतो. म्हणजे त्या फाईलींत जें लिहाल तें दारावर लागेल. शिवाय कांहीं सांकेतिक खुणा आहेत. उलटी तिरकी रेघ देऊन पुढें इंग्रजी 'एन' लिहिला तर त्या जागीं यंत्राचें नांव येतें. 'एल' लिहिला तर आपण कोणत्या टीटीवायवर आहोंत तें येतें. 'डी' लिहिला तर तारीख, 'टी' लिहिला तर वेळ, आणि चाराचा आंकडा लिहिला तर जाळ्यावरचा पत्ता. येथें एक गंमत ध्यानांत ठेवावी. ही वेळ पाटी छापली त्या क्षणाची असते. घड्याळाप्रमाणें ती पुढें सरकत नाहीं. सकाळीं सुरू केलेलें यंत्र संध्याकाळीं पाहिलें तर पाटीवर सकाळचेच नऊ वाजलेले असतात. म्हणून वेळ न लिहिलेली बरी. खोटें सांगणाऱ्या पाटीपेक्षां थोडें सांगणारी पाटी चांगली.

रंगहि देतां येतात. अक्षरांच्या सांकेतिक यादींत २७ व्या क्रमांकावर 'एस्केप' नांवाचें एक चिन्ह आहे. तें स्वतः दिसत नाहीं, पण पुढें येणारें लिखाण अक्षर नसून आज्ञा आहे अशी सूचना देतें. त्यापुढें चौकोनी कंस, मग ३१ हा आंकडा आणि 'एम' हें अक्षर लिहिलें कीं पुढचीं सारीं अक्षरें तांबडीं होतात. ३२ नें हिरवीं, ३४ नें निळीं, आणि शून्यानें पूर्ववत्. हल्लींच्या गेटीला कंसांत रंगाचें इंग्रजी नांव लिहून दिलें तरी तो समजून घेतो. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे शेवटचें शून्य विसरणें. मग पाटीचा तांबडा रंग ओघळत लॉगिनच्या ओळीवर येतो आणि पुढेंहि पसरत राहतो. होळीच्या दिवशीं रंगानें माखलेला पाहुणा तसाच माजघरांत शिरावा, तशी गत होते. दुसरी चूक म्हणजे काळ्यावर निळें लिहिणें. तें लिहिणाऱ्यालाच काय तें वाचतां येतें.

मीं कचेरीच्या यंत्राची पाटी तांबडी केली आणि सरावाच्या यंत्राची हिरवी. पण केवळ रंगावर भिस्त ठेवतां येत नाहीं. तांबडा आणि हिरवा यांत फरक न दिसणारी माणसें आपल्यांत असतात, आणि पडदा जुना झाला कीं रंगहि विटतात. म्हणून यंत्रांना नवीं नांवें दिलीं. एकाचें 'सराव', दुसऱ्याचें 'दप्तर'. नांव असें असावें कीं तें वाचतांच काम कळावें; आणि शेजारच्या यंत्राच्या नांवाशीं त्याचा घोटाळा अर्धवट झोपेंतहि होऊं नये.

अक्षरांचा आकारहि बदलतां येतो. नेहमींचें अक्षर रुंदीला ८ आणि उंचीला १६ ठिपक्यांच्या घरांत बसवलेलें असतें. आजच्या रुंद पडद्यावर तें मुंगीएवढें दिसतें. त्याच्या जागीं १६ ठिपके रुंद आणि ३२ ठिपके उंच असें अक्षर 'सेटफाँट' या आज्ञेनें बसवितां येतें. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर मग एका ओळींत १२० अक्षरें आणि एकंदर ३३ ओळी मावतात. ज्यांचा चष्मा दर वर्षीं बदलतो त्यांना एवढें पुरे होतें. आमच्या हेडक्लार्क बाईंना पाटीच्या रंगापेक्षां हाच फरक अधिक आवडला.

येथवर सर्व सुखरूप झालें. मग माझ्या मनांत आलें, नांव 'दप्तर' आहे, तर तें रोमन अक्षरांत कां? टेसनावरची पाटी आपल्या लिपींत असते. मीं देवनागरींत 'दप्तर' लिहिलें, यंत्र पुन्हां सुरू केलें, आणि पडद्यावर पांच ठिकाणीं एकच अनोळखी ठोकळा उमटला.

असें कां व्हावें? देवनागरीचीं अक्षरें यंत्राला ठाऊक नाहींत असें नव्हे. जगांतील लिप्यांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नांवाची जी व्यवस्था आहे, तिच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीसाठीं १२८ जागा राखलेल्या होत्या. अडचण निराळीच आहे. या काळ्या पडद्याच्या लेखीं पडदा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा तक्ता; एका घरांत एक चिन्ह, डावीकडून उजवीकडे, आलें त्या क्रमानें. शिवाय एका वेळीं त्याच्याजवळ २५६ किंवा फार तर ५१२ चिन्हांचाच संच असतो, आणि नेहमींच्या संचांत देवनागरी नसते. समजा, ती घातली, तरी काय होईल? 'दप्तर' या शब्दांत द, प, हलन्त, त, र असे पांच क्रमांक आहेत. रोमन अक्षरें शेजारीं शेजारीं उभीं राहतात. आपलीं अक्षरें हातांत हात घालतात. 'प' नें आपला काना सोडून 'त' ला बिलगावें लागतें, आणि तें या पडद्याला शिकविलेलेंच नाहीं. 'गोंदिया' लिहिलें तर त्यांतील ऱ्हस्व वेलांटी 'द' च्या आधीं दिसावयास हवी, पण क्रमानें ती 'द' च्या नंतर येते. पडदा ती नंतरच्याच घरांत बसवितो. म्हणजे जिल्ह्याचें नांव जिल्ह्यांतल्याच माणसाला वाचतां येऊं नये, अशी व्यवस्था!

ही अडचण कोणाला सुचलीच नव्हती, असें मात्र समजूं नका. आपल्याच महाराष्ट्रांत, पुण्यास, ती एकदां सोडविली गेली होती. १९८८ सालीं पुण्यांत 'सी-डॅक' ही सरकारी संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. महासंगणक 'परम' मुळें त्या संस्थेचें नांव सर्वांना ठाऊक आहे. पण तेथें 'जिस्ट' नांवाचेंहि एक काम चालत होतें; त्याचा उगम कानपूरच्या आयआयटींतला. त्या काळच्या संगणकाच्या पोटांत जिस्टचें एक कार्ड बसवावयाचें. मग जे कार्यक्रम केवळ अक्षरांच्या पडद्यासाठींच लिहिलेले होते, त्यांत देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या जोडाक्षरांसह दिसूं लागत. अक्षरें जुळविण्याचें काम तें कार्ड करी. कार्यक्रमाला त्याचा पत्ताहि नसे. १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें 'इस्की' नांवाचा जो संकेत मान्य केला, त्याची बैठकहि तीच होती. त्यांत 'क' या अक्षराला क्रमांक एकच; तो देवनागरींत दाखवावा, बंगालींत कीं तेलुगूंत, हें मागाहून ठरवावयाचें.

मग ती सोय गेली कोठें? ती खिडक्याखिडक्यांच्या चित्रमय पडद्यांत गेली. तेथें आज मराठी उत्तम दिसते. आपल्या खिशांतल्या फोनवरहि दिसते. सी-डॅकनेंच पुढें भारतीय भाषांसाठीं 'बॉस' नांवाची लिनक्सची आवृत्ति काढली. मात्र काळा पडदा मागें राहिला. कारण त्याच्याकडे फक्त यंत्र दुरुस्त करणारा माणूसच पाहणार, आणि दुरुस्त करणारा माणूस रोमन लिपि वाचणारच, असें गृहीत धरलें गेलें. हें गृहीत मला मान्य नाहीं. वादळी रात्रीं, वीज आल्यावर, त्या पडद्यासमोर प्रथम कोण उभा राहतो? बहुधा शिपाई, रात्रपाळीचा पहारेकरी, नाहींतर कचेरींत उशिरापर्यंत बसलेली एखादी बाई. पाटी त्यांच्यासाठींच हवी.

यांतून वाट काढली ती रांगोळीनें. आमच्याकडे दिवाळींत ठिपक्यांची रांगोळी काढतात, तशीच. मीं चौकटीचा कागद घेतला. 'दप्तर' हा शब्द ९६ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच अशा जागेंत ठळक काढला. मग त्याचीं ८ बाय १६ ठिपक्यांचीं घरें पाडलीं. आडवीं १२, उभीं ३, मिळून ३६ तुकडे. पडद्याच्या चिन्हसंचांत ज्यांचा आम्हांला कधींच उपयोग नव्हता अशीं ३६ चिन्हें काढून त्यांच्या जागीं हे तुकडे बसविले. युनिकोडमध्यें खासगी वापरासाठीं कांहीं क्रमांक राखून ठेवलेले आहेत, आणि त्यांतील एका पट्ट्याला लिनक्सचा हा पडदा थेट चिन्हसंचांतील घराचा क्रमांक समजतो. तेवढे ३६ क्रमांक पाटीच्या फाईलींत तीन ओळींत लिहिले कीं तुकडे एकमेकांना भिडतात आणि शब्द उभा राहतो. यंत्राला मराठी आली असें नाहीं. त्यानें फक्त फरशा बसविल्या. पण वाचणाऱ्याला त्याच्याशीं काय कर्तव्य?

पहिल्या दिवशीं मात्र फजिती झाली. पाटी आधीं निघाली आणि नवीन चिन्हसंच मागून चढला. तोंपर्यंत शब्दाच्या जागीं भलभलत्या खुणांचा चिवडा दिसत होता. संच आधीं व पाटी मागून, असा क्रम लावून दिल्यावर तें सुधारलें. त्यावरून एक शहाणपण शिकलों: चित्राखालीं साध्या रोमन अक्षरांतहि नांव लिहून ठेवावें. चित्र दगा देतें तेव्हां साधें अक्षर उपयोगीं पडतें.

हें चालू असतां देवरी-सालेकसा भागांतून आलेल्या गोंड घरांतील मुलांचीहि मला आठवण झाली. त्यांच्या भाषेसाठीं बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं एक लिपि रचली. ती २०१७ सालीं युनिकोडमध्यें दाखल झाली. काळ्या पडद्यावर तीहि एरवीं उमटत नाहीं. पण चौकटीचा कागद सर्व लिप्यांना सारखाच असतो. सरावाच्या यंत्रावर कोणाहि विद्यार्थ्यानें आपल्या लिपींतील पाटी काढून बसवावी, अशी मुभा मीं ठेवली. संगणकाचें अंतरंग समजावून देण्यास याहून चांगला धडा मला सांपडला नाहीं.

आतां पाटीवर काय नसावें, तेंहि सांगितलें पाहिजे. पुष्कळ यंत्रें जन्मतःच आपल्या पाटीवर कार्यप्रणालीचें नांव आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून येतात. दारावर 'येथें अमुक कंपनीचें, तमुक सालचें कुलूप आहे' असें लिहिण्यासारखेंच तें आहे. घरच्याला त्याचा उपयोग नाहीं. असलाच तर चोराला. परवलीच्या शब्दाची आठवण करून देणारी खूण तर चुकूनहि लिहूं नये. 'सुस्वागतम्' असें लिहिल्यामुळें यंत्रांत घुसलेला एक चोर न्यायालयांतून सुटला, अशी एक गोष्ट या धंद्यांत सांगतात. ती ऐकीव आहे. तरीपण १९९२ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील 'सर्ट' या संगणक-सुरक्षेच्या केंद्रानें असा सल्ला दिला होता कीं, आंत येणाऱ्याच्या कळांची नोंद ठेवली जात असेल तर तसें दारावरच स्पष्ट लिहावें. आपल्याकडेहि १७ ऑक्टोबर २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायदा अंमलांत आहे, आणि मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत शिरणें हें त्याच्या ४३ व्या कलमांत येतें. तेव्हां 'हें यंत्र कचेरीच्या कामासाठीं आहे; परवानगी असलेल्यांनींच आंत यावें' एवढें एक साधें वाक्य पाटीवर असावें. त्यांत उद्धटपणा नको आणि अघळपघळ आदरातिथ्यहि नको.

घरच्या माणसांसाठीं जे निरोप असतात त्यांची जागा निराळी. 'आज सायंकाळीं यंत्र बंद राहील' यासारखे निरोप 'एमओटीडी' नांवाच्या दुसऱ्या फाईलींत लिहावेत. परवलीचा शब्द बरोबर दिल्यानंतरच ते दिसतात. ओटीवर काय बोलावें आणि माजघरांत काय, हें आपल्या घरांतून आपण पाळतोंच. शिवाय जाळ्यावरून दूरच्या गांवाहून कोणी 'एसएसएच' च्या वाटेनें आला तर त्याला गेटी भेटत नाहीं. ती वाट मागच्या दारासारखी आहे. तेथें निराळी पाटी टांगावी लागते, आणि तींत नांव, तारीख यांच्या सांकेतिक खुणा चालत नाहींत. जें असेल तें सरळ अक्षरांतच लिहावें.

आपल्यापैकीं कोणाला घरीं हा खटाटोप करून पाहावयाचा असेल, तर तीन गोष्टी संभाळाव्या. मूळ फाईलीची एक नक्कल आधीं काढून ठेवावी. पाटी ८० अक्षरांहून रुंद आणि बारा-पंधरा ओळींहून उंच करूं नये. नाहींतर लॉगिनचा शब्द तळाशीं ढकलला जाऊन पाटीचाच अडसर होतो. आणि द्वारपाळाच्या कामांत हात घालावयाचा असेल, तर दुसऱ्या टीटीवायवरून आधींच आंत येऊन बसावें. पाटी चुकली तर फार तर कुरूप दिसते. द्वारपाळ चुकला तर घरधनी स्वतःच बाहेर राहतो.

शेवटीं आमच्या पाटीवर उरलें तें इतकेंच: तांबड्या रंगांत देवनागरी 'दप्तर', खालीं तेंच रोमन अक्षरांत, परवानगीचें एक वाक्य, आणि अडल्यास कोणत्या खोलींत जाऊन विचारावें तें. सुरुवातीस मीं तिच्याभोंवतीं कमळांची एक महिरपहि काढली होती. ती मीं पुढें काढून टाकली. मला ती आवडत होती, पण नांवाआधीं नजर तिच्यावर जात होती.

पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां एकदां तशीच वीज गेली. मी गांवांत नव्हतों. माझ्या जागीं आलेल्या तरुण सहकाऱ्यानें वीज येतांच बटण दाबलें आणि सरावाचें यंत्र पुसण्यासाठीं नांव घालावयास सुरुवात केली. हेडक्लार्क बाई खिडकी लावण्यासाठीं तेथून जात होत्या. त्यांना संगणकाची आज्ञा एकहि लिहितां येत नाहीं. त्यांनीं पडद्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "थांब बापू, हें दप्तर आहे जी. तुमचा सराव पलीकडं." त्यानें हात आंवरला, बटण पुन्हां दाबलें, आणि हिरवी पाटी आली.

ही हकीकत त्यानेंच मला सांगितली. बाईंना विचारलें, तेव्हां त्यांना त्यांत सांगण्यासारखें कांहींच वाटलें नाहीं. लिहिलेलें होतें, वाचलें, सांगितलें. फलाटावरची पाटी वाचून आपण शेजाऱ्याला 'उतरा, गोंदिया आलें' म्हणून उठवितों. त्याचा तरी आपण कोठें बडेजाव करतों?

तेव्हां श्रोतेहो, आपल्या ताब्यांत एखादें असें यंत्र असेल, तर एकदां त्याच्या काळ्या पडद्यासमोर परक्या माणसासारखे उभे राहा आणि त्यावर काय लिहिलें आहे तें वाचा. आपण कोठें आहोंत हें त्यावरून कळत नसेल, तर ती पाटी आजच बदला.